जकातनाक्यावरून उठलेला माणूस

खारेपाटणात सापडलेल्या एका ताम्रपटावर जहाजांच्या जकातीचा दर कोरलेला आहे. साल शक ९३०, म्हणजे इसवी सन १००८. दक्षिण कोकणचा शिलाहार राजा रट्टराज आपले गुरू आत्रेय यांना दान देतो आहे. अव्वेश्वर महादेवाची पूजा चालावी, तपस्व्यांना अन्नवस्त्र मिळावं म्हणून गावं दिली आहेत आणि जोडीला बंदराचं उत्पन्नही दिलं आहे. परमुलखातून येणाऱ्या प्रत्येक जहाजामागे एक गद्याण सोनं आणि कंदलमूलीयाहून येणाऱ्या जहाजामागे एक धरण. याच गावात मिळालेला दुसरा ताम्रपट शक १०१६ चा, उत्तर कोकणच्या अनंतदेवाचा. त्यातही विषय जकातीचाच आहे, पण हुकूम उलटा. ठाणे, सोपारा, चौल अशा बंदरांत काही मातबर व्यापाऱ्यांना त्याने जकात माफ केली आहे. आज महामार्गावरून सिंधुदुर्गात शिरताना लागणारं हे पहिलं गाव. खाडीतून आलेला माल इथे उतरायचा आणि बैलांच्या पाठीवरून घाट चढायचा, त्या काळाची ही तांब्यावरची साक्ष.

रट्टराजाचा ताम्रपट वाचून विद्वानांपुढे पहिल्यांदा मांडला तो बाळशास्त्री जांभेकरांनी. ते शेजारच्या देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे. ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ काढून मराठी वृत्तपत्राचा पाया घालणारे हेच. त्यांचं वाचन छापलं रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकाने. या शाखेचं अध्यक्षपद १८३५ पासून काही वर्षं सांभाळलं होतं स्कॉटलंडहून आलेल्या एका मिशनऱ्याने. त्याचं नाव जॉन विल्सन. जुन्या लिपी, जुने लेख, जुने ग्रंथ यांची ओढ दोघांनाही सारखीच होती. धर्माच्या प्रश्नावर मात्र ते समोरासमोर उभे होते.

विल्सन जो ग्रंथ घेऊन कोकणात उतरले, त्यातही एक जकातनाका आहे. तिथला माणूस एके दिवशी हिशेब टाकून उठतो आणि चालू लागतो. शुभवर्तमानांची पार्श्वभूमी समजून घ्यायला आपल्याला दूर जावं लागत नाही. जकात, जाळं, घाट आणि पंगत हे चार शब्द ज्याला कळतात, त्याला अर्धी वाट आधीच माहीत असते. मिशनऱ्यांना हेच शब्द शिकायला आयुष्य घालवावं लागलं.

चार पुस्तकं, एक मुलूख

शुभवर्तमान म्हणजे चांगली बातमी. येशूचं जीवन सांगणारी अशी चार पुस्तकं बायबलच्या नव्या करारात आहेत. मत्तय, मार्क, लूक आणि योहान ही त्यांची नावं. चारही ग्रीक भाषेत लिहिली गेली. येशू आणि त्याचे शिष्य घरीदारी बोलत ती भाषा मात्र अरामी. म्हणजे मूळ पुस्तकातच एक भाषांतर दडलेलं आहे. येशूला क्रुसावर दिलं ते इसवी सन ३० च्या आसपास. बहुतेक अभ्यासकांच्या मते मार्कचं पुस्तक सन ७० च्या सुमाराचं, मत्तय आणि लूक त्यानंतरच्या दहावीस वर्षांतले आणि योहान पहिल्या शतकाच्या अखेरचा. लेखकांची नावं दुसऱ्या शतकातल्या परंपरेने दिलेली आहेत, पुस्तकांच्या मजकुरात ती नाहीत. ती परंपरा सांगते, की मत्तय जकातदार होता, मार्क हा पेत्र नावाच्या कोळी शिष्याचा दुभाषा होता आणि लूक वैद्य होता.

मुलूख लहानसाच. उत्तरेला गालील, दक्षिणेला यहूदिया. गालीलवर हेरोद अंतिपा नावाचा रोमचा मांडलिक राज्य करत होता. यहूदियात थेट रोमचा अंमल होता आणि सन २६ ते ३६ पर्यंत पंतय पिलात तिथला सुभेदार होता. पिलाताचं नाव कोरलेला दगड १९६१ मध्ये कैसरिया बंदराच्या उत्खननात हाती आला. त्याच्या काळातला कोरीव पुरावा म्हणून त्याचं मोल मोठं. आपल्याकडे रट्टराजाला ताम्रपटाने जे दिलं, ते पिलाताला या दगडाने दिलं.

मत्तयाची चौकी

गालीलच्या सरोवराकाठी कफर्णहूम नावाचं गाव होतं. अंतिपाची हद्द तिथे संपत होती आणि थोड्या अंतरावर त्याचा भाऊ फिलिप याची हद्द सुरू होत होती. हद्द आली की नाका आला. सरोवरातून येणारे मासे, दिमिष्काकडून येणारा व्यापारी माल, शेतातलं तेल आणि धान्य, सगळ्यावर हात पडायचा. मत्तय बसायचा तो इथे. मार्क आणि लूक त्याला लेवी म्हणतात.

या माणसाचा लोकांना एवढा राग का होता, हे समजायला मराठीत एक शब्द तयार आहे, तो म्हणजे मक्ता. जकातीची वसुली मक्त्याने दिली जायची. मक्तेदार ठरलेली रक्कम सरकारला भरायचा आणि मग आपल्या माणसांकरवी ती गोळा करायचा. ठरल्यापेक्षा जे जास्त निघेल ते त्याचं. दर कोणी विचारायचा आणि कोणाला? खारेपाटणच्या ताम्रपटात एक गद्याण म्हणजे एक गद्याणच, अक्षर तांब्यात गेलेलं. कफर्णहूमच्या नाक्यावर दर जकातदाराच्या तोंडी होता. लूकच्या पुस्तकात जकातदार बाप्तिस्मा घ्यायला बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाकडे जातात आणि आम्ही काय करावं असं विचारतात. तो त्यांना धंदा सोडा म्हणत नाही. ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नका, एवढंच सांगतो. मक्त्याची पद्धत माहीत असली की या साध्या वाक्याची धार कळते. शिवाय हा पैसा शेवटी परक्या सत्तेला पोसणारा, म्हणून जकातदार गावच्या दृष्टीने लुबाडणारा आणि बाटलेला, असा दोन्हीकडून गेलेला.

मराठीत पहिल्यांदा छापून आलं तेही मत्तयाचंच पुस्तक. बंगालमध्ये सेरामपूरला विल्यम केरी यांनी वैजनाथ पंडितांच्या मदतीने ते १८०५ साली काढलं. पूर्ण नवा करार १८११ मध्ये आला. पण बंगालात बसून केलेली ती मराठी पश्चिमेकडच्या लोकांच्या जिभेवर बसेना. १८१३ मध्ये मुंबईत उतरलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांनी काम नव्याने हाती घेतलं. त्यांच्यातले गॉर्डन हॉल १८२६ च्या मार्चमध्ये नाशिककडच्या दौऱ्यावर कॉलऱ्याने गेले. चाळिशी नुकतीच उलटली होती. ज्या मराठी नव्या करारासाठी ते राबले, तो त्याच वर्षी छापून पुरा झाला.

पाग आणि रापण

स्कॉटिश मिशनने आपलं ठाणं मुंबईत न मांडता कोकणात मांडलं, बाणकोटला आणि हर्णैला. पहिले आले डोनाल्ड मिचेल, १८२३ मध्ये. वर्ष संपायच्या आत ते वारले. १८२९ च्या फेब्रुवारीत विल्सन पंचविशीच्या आत मुंबईत उतरले आणि पत्नी मार्गारेट यांच्यासह मराठी शिकायला कोकणातच गेले. शिकायची जागा होती हर्णै, सुवर्णदुर्गासमोरचं कोळ्यांचं बंदर. मार्गारेटबाईंनी पुढे मुंबईत मुलींच्या शाळा काढल्या आणि १८३५ मध्ये त्याही तिथेच निवर्तल्या.

शुभवर्तमानांत मासेमारी जागोजाग आहे आणि ग्रीक मजकुरात जाळ्यांना वेगवेगळे शब्द आहेत. मालवण किनाऱ्यावरच्या माणसाला मात्र तो फरक उलगडून सांगावा लागत नाही. पेत्र आणि अंद्रिया सरोवराच्या काठाशी जे फेकत होते ते गोल, हाताने भिरकावायचं, कडेला वजनं लावलेलं जाळं. आपल्या खाडीत कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून माणूस फेकतो तो पागच. आणि मत्तयाच्या तेराव्या अध्यायात स्वर्गाच्या राज्याला ज्याची उपमा दिली आहे, ते जाळं म्हणजे रापण.

रापण ओढताना मी अनेकदा पाहिली आहे. होडी किनाऱ्यापासून अर्धा वळसा घेत जाळं सोडत जाते, दोर्‍यांची दोन टोकं वाळूत राहतात. मग दोन रांगा लागतात. म्हातारे, पोरं, बायका, वाटेने जाणारासुद्धा हात लावतो. टाचा वाळूत रुतवून, पाठ मागे टाकून तासभर ओढत राहायचं. दोन्ही रांगा एकमेकींजवळ सरकत येतात आणि शेवटी जाळ्याचा मधला भाग फुटत्या लाटेत चकाकायला लागतो. तो वाळूवर आला की ओढाताण थांबते आणि माणसं खाली बसतात. बांगडे, तारल्या टोपल्यांत. फुगलेले केंड बाजूला भिरकावले. मग वाटे पडतात. येशूच्या दाखल्यात नेमकं हेच आहे. सगळ्या जातीचं जाळ्यात सापडतं, काठावर ओढतात, बसतात, चांगलं भांड्यात भरतात, वाईट फेकतात. ‘बसतात’ हे क्रियापद ज्याने रापण ओढली आहे त्यालाच सुचेल. निवाडा घाईने होत नाही, सगळं किनाऱ्याला आल्यावर बसून होतो, हा त्यातला अर्थ.

आता ‘वाईट’ मासा कोणता? इथे यहुदी धर्मशास्त्र माहीत हवं. त्यानुसार पर आणि खवले असलेलाच मासा खाण्याजोगा. गालीलच्या गोड्या पाण्यात खवले नसलेले मासेही होते. ते जाळ्यात यायचे आणि टाकले जायचे. आणि हा नियम कोकणाला अगदी घरचा आहे. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर ज्यांचे पूर्वज जहाज फुटून लागले असं मानलं जातं, ते बेने इस्राएल लोक शतकानुशतकं तेलाचे घाणे चालवत होते. शनिवारी घाणा बंद, म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. त्यांच्यात एक कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. दावीद रहाबी नावाचा एक परका यहुदी आला. हे लोक खरंच आपले का, हे पाहावं म्हणून त्याने बायकांच्या हाती सगळ्या प्रकारचे मासे शिजवायला दिले. बायकांनी खवले नसलेले मासे निवडून बाजूला टाकले. हिब्रू अक्षर विसरलेल्या त्या घरांत नियम मात्र हातांना माहीत होता.

विल्सन यांना बेने इस्राएलांचं महत्त्व लगेच उमगलं. १८३२ मध्ये त्यांनी हिब्रूचं व्याकरण मराठीतून छापलं. १८४३ मध्ये मायदेशी जाताना ते मिसर, सिनाई आणि पॅलेस्टाइनमधून गेले, बरोबर धनजीभाई नौरोजी हे पारशी कुटुंबातून ख्रिस्ती झालेले तरुण होते. त्या प्रवासावरचा ‘बायबलचे प्रदेश’ हा त्यांचा दोन खंडांचा इंग्रजी ग्रंथ १८४७ मध्ये निघाला. येशूची भूमी त्यांनी पाहिली ती चौदा वर्षं कोकण आणि मुंबई पाहिलेल्या डोळ्यांनी.

गालीलच्या सरोवराने १९८६ मध्ये आणखी एक वस्तू दिली. दुष्काळात पाणी आटलं आणि गाळात रुतलेली एक होडी उघडी पडली. येशूच्या काळाच्या आसपासची, आठ मीटरांहून थोडी लांब. तिच्यात दहाहून अधिक जातींचं लाकूड निघालं, पुष्कळसं जुन्या होड्यांतून काढून लावलेलं. ठिगळावर ठिगळ लावून होडी चालवणाऱ्याचं घर कसं असतं, हे किनाऱ्यावर कोणाला सांगायला नको.

घाटातला जखमी

जेरुसलेमहून यरीहोला जाणारा रस्ता साधारण पंचवीस-सत्तावीस किलोमीटरांत एक हजार मीटर खाली उतरतो. तो घाटच. ओसाड, वळणांचा, दरोडेखोरांचा. लूकने सांगितलेला चांगल्या शोमरोन्याचा दाखला इथे घडतो. लुटून अर्धमेला टाकलेल्या माणसाच्या बाजूने आधी याजक जातो, मग मंदिराचा सेवक जातो. थांबतो तो शोमरोनी, ज्याच्याशी यहुदी संबंध टाळत. तो जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओततो, स्वतःच्या जनावरावर घालून धर्मशाळेत नेतो आणि पुढच्या खर्चाचे पैसे देऊन जातो. तेल आणि द्राक्षारस हा त्या काळचा खरा औषधोपचार. हा दाखला फक्त लूकने नोंदवला आहे. फोंड्याच्या किंवा बावड्याच्या घाटाने तांड्याबरोबर उतरलेल्या जुन्या माणसांना, वाटेत पडलेल्यासाठी थांबणं म्हणजे काय जोखीम, हे पक्कं ठाऊक असणार.

आपल्या जिल्ह्यात वेंगुर्ल्याला अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनने विसाव्या शतकाच्या आरंभी ठाणं मांडलं. तिथल्या दवाखान्याला नाव मिळालं लूकचंच, सेंट लूक्स हॉस्पिटल. डॉ. रॉबर्ट गोहीन यांनी तिथे दीर्घकाळ रुग्णसेवा केली. त्यांचा मुलगा रॉबर्ट फ्रान्सिस गोहीन याचा जन्म वेंगुर्ल्यातच झाला, १५ ऑगस्ट १९१९ रोजी. पुढे तो १९५७ पासून पंधरा वर्षं प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष होता आणि १९७७ मध्ये अमेरिकेचा राजदूत होऊन भारतात परतला. मिशनऱ्यांच्या उपदेशाशी वाद घालणारे पुष्कळ होते आणि त्यांच्या वादात तथ्यही होतं. पण रात्री-अपरात्री डोलीतून आणलेल्या रुग्णाला त्या वादाशी कर्तव्य नव्हतं.

शब्द कुठून आणायचा

योहानाचं पुस्तक जन्मकथेने सुरू होत नाही, ‘शब्दा’ने सुरू होतं. आरंभी शब्द होता, ही त्याची पायाभूत कल्पना. मराठीत येऊ पाहणाऱ्या प्रत्येकापुढे हाच प्रश्न होता की शब्द कुठून आणायचा?

पहिलं उत्तर आपल्या दक्षिणेला, गोव्यात दिलं गेलं. इंग्लंडमधल्या विल्टशरचे थॉमस स्टीफन्स ऑक्टोबर १५७९ मध्ये गोव्यात पोचले आणि १६१९ मध्ये मरेपर्यंत तिथेच राहिले. चाळीस वर्षं. साष्टीतली देवळं त्यांच्या येण्याआधीच, १५६७ च्या सुमारास पोर्तुगीज सत्तेने पाडली होती. पोथ्या हिरावल्या गेलेल्या माणसांच्या मधोमध हा माणूस मराठी शिकला. जुनी पुराणं गेली, मग आम्हांला आमच्या भाषेत एखादं पुराण का देत नाही, हा नवख्रिस्त्यांचा सवाल त्याने आपल्या ग्रंथातच नोंदवून ठेवला आहे. त्या सवालाचं उत्तर म्हणजे ‘ख्रिस्तपुराण’. ते १६१६ मध्ये रायतूरला छापलं गेलं. दोन भाग, ९५ अवस्वरू म्हणजे अध्याय, जवळजवळ अकरा हजार ओव्या. नागरी खिळे नव्हते म्हणून छपाई रोमी लिपीत. ओवी ज्ञानदेवांच्या परंपरेतली आणि स्वर्गाला शब्द ‘वैकुंठ’. ज्या सत्तेने पोथ्या जाळल्या तिच्याच छायेत मराठीची अशी आराधना झाली, ही गोष्ट एकाच वेळी आनंद देते आणि दुखवतेही. दोन्ही भावना खऱ्या आहेत. एकीसाठी दुसरी दडवू नये.

तीन शतकांनी नारायण वामन टिळकांनी पुन्हा ओवीच धरली. जन्म करजगावचा, म्हणजे तेही कोकणचेच. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांनी ‘ख्रिस्तायन’ आरंभलं, पण थोडे अध्याय होतात तोच १९१९ मध्ये त्यांचं निधन झालं. उरलेले साठाहून अधिक अध्याय लिहिले त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी. लग्नानंतर अक्षरओळख झालेली ही बाई ‘स्मृतिचित्रे’ लिहिते आणि महाकाव्यही पुरं करते.

पंडिता रमाबाईंचं उत्तर याच्या उलट होतं. अनंतशास्त्री डोंगऱ्यांची ही मुलगी, संस्कृत तिच्या जिभेवर. तरी तिने ठरवलं की बायबल मराठीत आणायचं तर शास्त्रांचे जड शब्द टाळून खेड्यातल्या बाईला कळेल अशा बोलीत आणायचं, आणि तेही थेट मुळातून. त्यासाठी ती उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकली. केडगावच्या मुक्ती सदनात टाइप जुळवणाऱ्या, छापणाऱ्या सगळ्या बायका. दुष्काळातून आणि वैधव्यातून आलेल्या. एप्रिल १९२२ मध्ये रमाबाई गेल्या, तेव्हा भाषांतराचं काम त्यांनी हातावेगळं केलेलं होतं.

पंगत

आता कफर्णहूमच्या नाक्याकडे परत जाऊ. मत्तय उठतो, पण गोष्ट तिथे संपत नाही. तो घरी मेजवानी करतो. पंगतीला येशू बसतो, जकातदार बसतात, गावाने ओवाळून टाकलेले बसतात. बाहेर उभे असलेले विचारतात की तुमचा गुरू असल्यांबरोबर जेवतो कसा? कोणाबरोबर जेवावं, हा त्या समाजात शुद्धतेचा आणि आपलेपणाचा प्रश्न होता. मराठी वाचकाला यावर टीप लागत नाही. पंक्तीभेद काय असतो, हे आपल्या आजी-आजोबांनी पाहिलेलं आहे.

१८४३ मध्ये मुंबईत हाच प्रश्न उलट्या बाजूने उभा राहिला. नारायण शेषाद्री या तरुणाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पुढे जालन्याजवळ बेथेल हे गाव वसवणारे ते हेच. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत, बारा-एक वर्षांचा, मिशनऱ्यांकडे राहू लागला आणि त्यांच्याबरोबर जेवला. वडील न्यायालयात गेले. मुलगा अजाण म्हणून न्यायालयाने तो वडिलांच्या हवाली केला. कायद्याचं काम इथे संपलं आणि पंगतीचं सुरू झालं. परक्यांचं अन्न खाल्लेलं पोर जातीत परत कसं घ्यायचं? सनातनी मंडळी नको म्हणाली.

त्या पोराच्या बाजूने उभे राहिले बाळशास्त्री जांभेकर. प्रायश्चित्त देऊन याला आपल्यात घ्या, असा आग्रह त्यांनी धरला. शास्त्रांतून आधार काढले, बहिष्काराची धमकी सोसली. विल्सन यांच्या मिशनमधल्या सहकाऱ्यांना ते मुलाच्या बाबतीत विरोधक होते. स्वतःच्या जातीतही त्यांना विरोधकच जास्त मिळाले. १८४६ मध्ये, पस्तिशीही गाठायच्या आत, ते गेले.

मराठी बायबलात मत्तयाच्या दारी उभं राहून जेवणावर हरकत घेणाऱ्यांना एक नाव दिलेलं आहे, ते म्हणजे शास्त्री. यहुदी धर्मशास्त्राच्या पंडितांना भाषांतरकारांनी शोधलेला हा मराठी प्रतिशब्द. शब्द चुकीचा नाही. पण तो वाचताना मला दर वेळी पोंभुर्ल्याचा शास्त्री आठवतो. खारेपाटणच्या तांब्यावरची अक्षरं आपल्याला पहिल्यांदा वाचून दाखवणारा, आणि एका बारा वर्षांच्या पोराला पानावर जागा मिळावी म्हणून दाराच्या आतून भांडणारा.